रानातलं कुत्रं ‘तयार’ झालं असं कधी म्हणायचं? कारवान-पश्मी शिकवण्याचे टप्पे

लातूर, नांदेड, परभणीकडं कारवान किंवा पश्मी (कान-शेपटीवर लांब केस असलेली) ही सडपातळ, वेगवान शिकारी जातीची कुत्री पाळणारा माणूस कुत्र्याचं कौतुक बहुतेक वेळा त्याच्या पळण्यावरूनच करतो. ससा दिसला की सुटतं, हरणामागं धुरे (शेताचे बांध) ओलांडत जातं, म्हणजे कुत्रं तयार झालं, असं धरलं जातं. इथंच चूक होते. पळणं या जातीच्या रक्तातच आहे, ते कुणी शिकवलेलं नसतं. चार महिन्यांचं पिल्लूही वाऱ्यानं उडालेल्या कॅरीबॅगमागं धावतं. शिकवावं लागतं ते परत फिरणं. भर धावेत असताना एका हाकेवर वळून मालकाकडं येणारं कुत्रं तयार. बाकीचं कितीही चपळ असलं तरी ते अर्धंच.

दुसरी गोष्ट कायद्याची. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबरच पकडणं, हाकणं आणि कुत्री मागं लावून पळवणंही येतं. तसा नुसता प्रयत्नही गुन्हाच. त्यामुळं ‘मारलं नाही, नुसतं पळवलं’ ही सबब चालत नाही. मग शिकारी जातीच्या कुत्र्याचं रानात काम काय? आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) राखण करायची, रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) धुऱ्याला आलं की भुंकून माणसाला उठवायचं, आणि मालकानं ‘ये’ म्हटलं की सगळं सोडून यायचं. पुढचे टप्पे याच कामासाठी आहेत.

## आधी जमवाजमव

गळपट्टा. कारवानाचं डोकं निमुळतं आणि मान त्याहून जाड असते. साधा पट्टा ते मागं सरकून, मान खाली घालून क्षणात काढून टाकतं. पट्टा किमान दीड ते दोन इंच रुंद, मऊ कातड्याचा किंवा नवारीचा घ्या आणि कानांच्या लगेच मागं, मानेच्या वरच्या भागात बसवा. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, तीन नाही. बसवल्यावर समोरून हलका ताण देऊन बघा. डोक्यावरून सरकला तर तो पट्टा बाद.

छातीपट्टा. लांब दोरावर काम करताना दोर गळपट्ट्याला बांधायचा नाही. धावणाऱ्या कुत्र्याला मानेवर झटका बसला तर मणक्याला इजा होते. दोर छातीपट्ट्याच्या पाठीवरच्या कडीलाच.

दोर. 30 फुटांचा कासरा चालतो, पण सुती आणि हलका हवा. नायलॉनचा दोर हाताला भाजतो. मुठीला किंवा मनगटाला वेढा घालायचा नाही. जमिनीवर सोडलेल्या दोरावर पाय ठेवून थांबवायची सवय करा.

शिट्टी. हाक वाऱ्यात विरते आणि माणूस चिडला की हाकेत राग उतरतो. शिट्टीत राग नसतो. दोन आखूड फुंका म्हणजे ‘ये’, एक लांब फुंक म्हणजे ‘थांब’. एकदा ठरवलं की बदलायचं नाही.

खाऊ. उकडलेली कलेजी, चिकन किंवा अंडं, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे करून. भाकरीचा तुकडा घरी चालतो, पण समोर शेळ्या पळत असताना भाकरीकडं कोणतंही कुत्रं बघत नाही. रोजचं जेवण शिकवणी झाल्यावर द्या.

चिंधीची काठी. पाच-सहा फुटांचा बांबू, त्याच्या टोकाला आठ फूट दोरी, दोरीला जुन्या गोधडीचं फडकं. शिकवणीतलं सर्वांत मोलाचं साधन हेच आहे, आणि ते फुकटात होतं.

डॉक्टरांचं कामही याच वेळी उरकून घ्या. डिस्टेंपर आणि पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगांची पहिली लस 6 ते 8 आठवड्यांत द्यायची, पुढचे डोस 3-4 आठवड्यांच्या अंतरानं 16 आठवड्यांपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर आणि पुढं ठरल्याप्रमाणं दरवर्षी. रानात भटकी कुत्री आणि कोल्हे यांच्याशी गाठ पडते, म्हणून रेबीजचा डोस एकही चुकवू नका.

## टप्पा 1 : दोन ते चार महिने, ओळखी

ही जात परक्या माणसाला मुळातच लांब ठेवणारी. लहानपणी जग दाखवलं नाही तर मोठेपणी ती राखण करत नाही, भिऊन कोपऱ्यात बसते किंवा घाबरून चावते. या दोन महिन्यांत पिल्लाला शेळी, कोंबडी, बैल, ट्रॅक्टरचा आवाज, मोटार सुरू होतानाचा दणका, डोक्यावर पेंडी घेतलेली बाई, काठी टेकत चालणारा म्हातारा, हेल्मेट घातलेला माणूस, हे सगळं लांबून, शांतपणे दाखवा. पिल्लू मागं सरकलं तर ओढू नका, अंतर वाढवा. लसींचे डोस पुरे होईपर्यंत अनोळखी कुत्री जमतात तिथं खाली सोडू नका, कडेवर घेऊन फिरवा.

नाव शिकवा. नाव घेतलं, पिल्लानं बघितलं, की तुकडा. दिवसाला तीन वेळा, पाच-पाच मिनिटं. नाव रागावण्यासाठी वापरायचं नाही.

सगळ्यात मोठी चूक इथंच होते. घरातली पोरं पिल्लाला मांजरावर, कावळ्यावर, डुकरांवर ‘छू’ म्हणून सोडतात आणि मोठी माणसं कौतुकानं बघतात. पुढं वर्षभर जे पुसायचंय ते आपणच रोज गिरवून घेतो. घरात ‘छू’ हा शब्दच बंद करा.

तपासून घ्या : चार महिन्यांचं पिल्लू अंगणात खेळत असताना नाव घेतल्यावर दहातून आठ वेळा लगेच बघतं का? बघत नसेल तर पुढं जाऊ नका.

## टप्पा 2 : चार ते सात महिने, ‘ये’

दोन माणसं दहा पावलांवर उभी राहा. एकानं धरायचं, दुसऱ्यानं एकदाच ‘ये’ म्हणून शिट्टीच्या दोन फुंका मारायच्या आणि खाली बसायचं. पिल्लू आलं की आधी गळपट्टा हलकेच धरायचा, मग तुकडा. हा क्रम महत्त्वाचा. आधी तुकडा दिला तर कुत्रं तुकडा उचलून हाताबाहेर उड्या मारायला शिकतं, आणि रानात ते दोन हातांवर येऊन घुटमळतं, धरू देत नाही.

अंगणात जमलं की रिकाम्या वावरात, दोर लावून. मग धुऱ्याच्या बाजूला. मग लांब कुठंतरी शेळ्या चरत असताना. एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची. अंतर वाढवलं त्या दिवशी गडबडीची जागा निवडायची नाही.

‘ये’ बिघडण्याची तीन कारणं असतात. पहिलं म्हणजे कुत्र्याला फक्त बांधायलाच बोलावणं. आठवडाभरात ते ओळखतं की ‘ये’ म्हणजे साखळी. म्हणून दहातून आठ वेळा आल्यावर तुकडा द्या आणि ‘जा’ म्हणून पुन्हा सोडा. दुसरं, एकच शब्द पाच वेळा ओरडणं. मग कुत्रं पाचव्या हाकेची वाट बघायला शिकतं. एकदा म्हणा. आलं नाही तर दोर धरून हलक्या हातानं जवळ घ्या. तिसरं कारण सर्वांत वाईट, उशिरा आलेल्या कुत्र्याला मारणं. त्याला उशिराची शिक्षा कळत नाही, येण्याची कळते. कारवान एकदा मार खाल्लेल्या हाताजवळ महिनोन्महिने मोकळ्या मनानं येत नाही.

तपासून घ्या : तीन वेगवेगळ्या जागी, दोर जमिनीवर लोळत असताना, पन्नास पावलांवरून पहिल्या हाकेला येतं का? एकाही जागी दोनदा चुकलं तर त्या जागेवर आणखी आठवडाभर काम करा.

## टप्पा 3 : सात ते बारा महिने, धावेतून वळवणं

हा लेख मुख्यतः या टप्प्यासाठी आहे, कारण बहुतेक लोक तो गाळतात. अंगणातलं ‘ये’ जमलं की थेट दोर सोडतात, पहिला ससा उठतो आणि कुत्रं दोन तासांनी तळपाय फोडून घरी येतं.

हिशोब समजून घ्या. भर वेगातला कारवान सेकंदाला 10 मीटरहून जास्त अंतर कापतो. तुमचा 30 फुटांचा कासरा म्हणजे 9 मीटर. म्हणजे सुटलेल्या कुत्र्याला दोर एक सेकंदही पुरत नाही. सुटल्यावर हाक मारणं म्हणजे उशीरच. हाक सुटण्याच्या आधी पडली पाहिजे, आणि तो क्षण ओळखता येतो.

कुत्रं काहीतरी बघतं तेव्हा प्रथम त्याचं तोंड मिटतं. जीभ आत जाते, धापा थांबतात. मागं पडलेले कान मुळापासून उभे होतात. शेपूट हलायचं थांबतं आणि खाली एका जागी स्थिर राहतं. मग पाठ किंचित खाली दबते आणि भार मागच्या पायांवर जातो. तोंड मिटण्यापासून भार मागं जाईपर्यंत एक-दोन सेकंद मिळतात. शिट्टी त्याच वेळात वाजली पाहिजे. मोबाईलकडं बघत कुत्रं फिरवणाऱ्याला हा क्षण कधीच सापडत नाही.

आता चिंधीची काठी घ्या. क्रम असा :

1. कुत्रं दोरावर. फडकं जमिनीवर निपचित. कुत्र्यानं बघितलं की एक लांब फुंक, ‘थांब’. ते थांबलं, तुमच्याकडं वळलं, की तुकडा. पाच-सहा वेळा, मग बंद.
2. फडकं हळू ओढा. तोंड मिटताच शिट्टी. वळलं तर तुकडा आणि बक्षीस म्हणून अर्धं मिनिट फडक्याशी खेळू द्या. वळलं म्हणून फडकं मिळालं, हे त्याच्या डोक्यात बसलं पाहिजे.
3. फडकं वेगात फिरवा. कुत्रं दोन उड्या मागं जाऊ द्या आणि शिट्टी मारताच फडकं जागीच सोडून निपचित करा. पळणारी वस्तू थांबली की वळणं सोपं जातं.
4. शेवटी शिट्टीनंतरही फडकं हलतं ठेवा. हलतं फडकं सोडून कुत्रं आलं तर खाऊची अख्खी मूठ द्या.

पहिल्या पायरीपासून चौथीपर्यंत सहा ते दहा आठवडे जातात. घाई केली तर तिसऱ्यावर अडकतं. एका वेळी दहा मिनिटांहून जास्त नको. काठी गोल गोल गरगर फिरवू नका. वाढत्या वयात तीव्र वळणांनी सांधे दुखावतात. सरळ ओढा, मोठं वळण द्या.

इशारा : दोर ताणून कुत्र्याला टोकापर्यंत धावू देऊ नका. मोटरसायकलमागं किंवा जीपमागं पळवणं एक वर्षाच्या आत पूर्ण बंद, हाडांची वाढ झालेली नसते. त्यानंतरही डांबरी रस्त्यावर नाही. झटका देणारे विजेचे पट्टे बाजारात मिळतात, ते घेऊ नका. ससा दिसताना झटका बसला की काही कुत्री सशाऐवजी शेजारी उभ्या माणसाला किंवा शेळीला भिऊ लागतात.

## टप्पा 4 : जनावरांत राहणं

शेळी मारलेलं कुत्रं गावात ठेवणं अवघड होतं, नुकसानभरपाई वेगळी. हे काम टप्पा 3 च्या बरोबरीनं करा.

शेळ्यांच्या कळपापासून तीस पावलांवर दोर धरून बसा. कुत्र्यानं शेळीकडं बघितलं, मग तुमच्याकडं बघितलं, की तुकडा. तुमच्याकडं बघणं हेच त्याचं काम. रोज दोन-तीन पावलं जवळ. बांधलेल्या, बसलेल्या शेळ्यांपासून सुरुवात करा. पळणारी करडं सर्वांत शेवटी, कारण करडाच्या उड्या सशासारख्याच दिसतात. कोंबड्यांचंही तसंच, फडफडणारी कोंबडी ही शेवटची परीक्षा.

महिनाभर शांत राहिलं म्हणून गोठ्यात एकटं मोकळं सोडू नका. दीड वर्षाचं होईपर्यंत माणूस नसताना ते एकतर बांधलेलं किंवा जाळीत असावं. दोन कुत्री एकत्र असतील तर आणखी सांभाळा. एकटं शांत असणारं कुत्रं जोडीदार सुटला की मागं सुटतंच.

## टप्पा 5 : रानाची हद्द

हद्द ओळखणं मेंढपाळाच्या कुत्र्याला जितकं सहज जमतं तितकं कारवानाला जमत नाही. त्याची नजर लांबवर जाते आणि पाय नजरेमागं जातात. तरी सवयीनं बरंच होतं. रोज सकाळ-संध्याकाळ दोरावर एकाच बाजूनं, एकाच वाटेनं धुरा फिरवा. प्रत्येक कोपऱ्यावर थांबून बसवा, तुकडा द्या, मग आतल्या बाजूला वळा. धुरा ओलांडला की ‘थांब’ आणि मागं. चार ते सहा आठवडे एकही दिवस न चुकवता. तूर डोक्याएवढी वाढली की कुत्र्याला तुम्ही दिसत नाही, तेव्हा शिट्टीचा खरा उपयोग होतो. म्हणून पीक लहान असतानाच सुरुवात करा.

रात्री बांधायचं असेल तर आखूड साखळीनं एका खुंट्याला बांधू नका. दोन खांबांमध्ये 40-50 फूट जाड तार ताणा, त्यात कडी अडकवा आणि कडीला साखळी. कुत्र्याला येरझारा घालता येतात, आवाज कुठून येतो तिकडं तोंड करता येतं. साखळी अशी मोजा की ती कठडा नसलेल्या विहिरीपर्यंत, कुंपणापर्यंत किंवा खांबाला गुंडाळण्याइतकी लांब जाणार नाही. कुंपणावर अडकून लटकलेलं कुत्रं गुदमरून मरतं.

इशारा : आसपास कुणी कुंपणात थेट वीज सोडतं का याची चौकशी करून ठेवा. हा बेकायदेशीर प्रकार जनावरांबरोबर माणसांचेही जीव घेतो. कुत्रं त्या बाजूला कधीच मोकळं फिरवू नका. रानात थायमेटसारखं कीटकनाशक, उंदराचं औषध किंवा फवारणीचे रिकामे डबे पडू देऊ नका, कुत्रं ते चाटतं.

## टप्पा 6 : रात्रीची राखण

शिकवायचे शब्द दोनच, ‘बोल’ आणि ‘बास’. घरातल्या एका माणसाला अंधारात धुऱ्याला पाठवा, त्यानं पाला खुडखुड वाजवायचा. कुत्र्यानं कान टवकारून एकदा जरी भुंकलं तर ‘बोल, शाब्बास’ म्हणत जवळ जा, बॅटरी त्या दिशेला मारा. दोन-चार वेळा भुंकलं की ‘बास’, आणि गप्प झालं की तुकडा. वाजवणारा माणूस त्याच वेळी मागं निघून जातो. भुंकलं, मालक आला, आवाज थांबला, हा साखळीक्रम पाच-सहा रात्रींत बसतो. मग रोज करू नका. आठवड्यातून एकदा, वेगवेगळ्या बाजूनं.

‘बास’ न शिकवलेलं कुत्रं वाऱ्यावरही रात्रभर भुंकतं आणि चार दिवसांनी आपण उठायचं सोडतो. मग भुईमुगात डुकरं शिरली तरी कळत नाही.

रानडुकरावर कुत्रं सोडू नका. कायदा तर आहेच, पण डुकराचे सुळे कुत्र्याचं पोट एका फटकाऱ्यात फाडतात, आणि कारवानाची कातडी पातळ, अंगावर चरबी नसलेली. कुत्रं भुंकणार, बॅटरी, डबा आणि हाळी माणूस देणार, आणि कुत्रं तुमच्या पायाशी राहणार. पिकाचं नुकसान झालंच तर लगेच वनविभागाकडं अर्ज करून पंचनामा करून घ्या.

## ऊन, खाणं आणि रोजची तपासणी

मार्चअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात पारा 40 च्या वर जातो. या दिवसांत शिकवणी फक्त उजाडताना. तळहाताची मागची बाजू जमिनीवर पाच सेकंद टेकवता आली नाही तर कुत्र्याचे पायही टेकवू नका. निरोगी कुत्र्याच्या अंगाचं तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट. धाप थांबत नाही, हिरड्या लालभडक, लाळ चिकट, पाय लटपटतायत, म्हणजे उष्माघात. सावलीत घ्या, पोट, काख, जांघ आणि सगळं अंग साध्या पाण्यानं सतत भिजवा, वारा घाला आणि तसंच भिजवत डॉक्टरांकडं न्या. ओलं गोणपाट अंगावर पांघरून ठेवू नका, आत उष्णता कोंडते.

नुसत्या भाकरी-दुधावर कामाचं कुत्रं उभं राहत नाही. भाकरीबरोबर रोज अंडं, मांस किंवा कलेजी हवी. शिजवलेली हाडं नकोत, त्यांचे तुकडे आतड्यात रुततात. कांदा आणि मनुकेही नकोत. धावण्याच्या आधी दोन तास आणि नंतर तास-दीड तास पोटभर जेवण नको. खोल छातीच्या जातीत भरल्या पोटी धावल्यानं पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो, त्यात काही तासांत जीव जातो.

रोज संध्याकाळी चार जागा बघा. बोटांच्या बेचक्यात सराटे आणि बाभळीचा काटा, कानात कुसळ, काखेत आणि कानामागं गोचीड, डोळ्यात भुसा. पश्मीच्या कानांवरच्या आणि शेपटीच्या लांब केसांत कुसळ लपतं, तिथं बोटानं चाचपा. डोकं एका बाजूला कलतं करून झटकत असेल तर कानात कुसळ गेलंय. घरी चिमटा घालू नका, डॉक्टरांकडं न्या. आणि भूल द्यायची वेळ आली तर ही सडपातळ शिकारी जात आहे हे डॉक्टरांना आधी सांगा. अंगात चरबी कमी असल्यानं काही भुलीची औषधं या जातींना जास्त वेळ चढून राहतात.

## तयार झालं का : शेवटची परीक्षा

वय किमान अठरा महिने. सलग तीन दिवस, तीन वेगळ्या जागी, घरच्याच दोन वेगवेगळ्या माणसांनी घ्यायची. दोर अंगावर असू द्या, पण जमिनीवर लोळता.

वेगात ओढलेल्या चिंधीमागं निम्म्या वाटेवर असताना एका शिट्टीत वळलं पाहिजे. उड्या मारणाऱ्या करडांजवळून, दोर सैल असताना, मालकाच्या बाजूनं चाललं पाहिजे. पन्नास पावलांवरून बोलावल्यावर येऊन गळपट्टा धरू दिला पाहिजे. ‘बास’ म्हटल्यावर तीन श्वासांत गप्प झालं पाहिजे. परक्या माणसावर भुंकावं, पण मालकानं त्याच्याशी हात मिळवल्यावर सोडून द्यावं. यातली पहिली परीक्षा बाकी सगळ्यांवर भारी. ती नापास असेल तर इतर सगळ्यांत पास झालेलं कुत्रंही उघड्या माळावर मोकळं सोडायचं नाही.

एखादी परीक्षा बिघडली तर कुत्र्याला दोष न देता त्या टप्प्याच्या एक पायरी मागं या आणि दोन आठवडे दोरावर काम करा. मादी माजावर असताना परीक्षा घेऊ नका. त्या तीन आठवड्यांत नर आणि मादी दोघांचंही लक्ष ठिकाणावर नसतं.

आखाड्यावर रात्री सालगडी राहत असेल तर शेवटचे पंधरा दिवस त्याच्या हातानं काम करून घ्या. शब्द आणि शिट्ट्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा : दोन आखूड म्हणजे ‘ये’, एक लांब म्हणजे ‘थांब’, मग ‘बोल’, ‘बास’ आणि ‘जा’. मालक ‘ये’ म्हणतो, गडी ‘इकडं’ म्हणतो आणि पोरगं नुसतं नाव घेतं, अशा घरात कुत्रं तिघांपैकी कुणाचंच ऐकत नाही.